बँकेच्या तिजोरीतले जुने टाइम लॉक: आतली रचना, खरेदी आणि देखभाल

बँकेच्या तिजोरीच्या जाड दारावर बाहेरून दिसते ती कॉम्बिनेशनची, म्हणजे ठरलेले आकडे जुळवायची, तबकडी आणि बोल्ट सरकवायचं चाक. टाइम लॉक बाहेरून दिसतच नाही. त्याला किल्लीचं भोक नाही, आकडे नाहीत, दारातून आरपार जाणारा एकही दांडा नाही. दाराच्या आतल्या अंगाला काचेच्या झाकणाचा एक पितळी डबा बसवलेला असतो आणि त्यात दोन किंवा तीन, क्वचित चार घड्याळं असतात. संध्याकाळी दार लावण्याआधी या घड्याळांना हव्या तितक्या तासांची चावी द्यायची आणि दार बंद करायचं. तेवढे तास भरेपर्यंत कॅशियर, मॅनेजर किंवा तिजोरी बनवणारा कारखानदार, यांपैकी कोणालाही ते दार उघडता येत नाही.

जुन्या यांत्रिक वस्तूंचा नाद असणारे बरेच जण टाइम लॉककडे घड्याळ म्हणूनच बघतात. डायल सुंदर आहे का, टिकटिक नीट येते का, एवढं पाहून ते घेतात. पण ही वस्तू आधी कुलूप आहे. घड्याळं चालतात, पण वेळ संपल्यावर बोल्ट मोकळा होत नाही, असा टाइम लॉक अर्धाच शिल्लक राहिलेला असतो. रचना नीट समजून घेतली की खरेदीतल्या आणि दुरुस्तीतल्या बहुतेक चुका टळतात, म्हणून आधी रचनेकडे वळू.

गरज कुठून आली

१८६०च्या दशकापर्यंत अमेरिकेतली कॉम्बिनेशन कुलपं इतकी सुधारली होती की ती फोडण्यापेक्षा आकडे ज्याला माहीत आहेत त्या माणसाला गाठणं दरोडेखोरांना सोपं वाटू लागलं. बुरखेधारी टोळी रात्री कॅशियरच्या घरात शिरायची, कुटुंबाला बांधून घालायची आणि त्याच्याकडून आकडे वदवून घ्यायची. जानेवारी १८७६मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावात नेमकं हेच घडलं. नॉर्दॅम्प्टन नॅशनल बँकेचे कॅशियर जॉन व्हिटल्सी यांचा रात्री छळ करून टोळीने आकडे मिळवले आणि दहा लाख डॉलरहून जास्त किमतीची रोकड व कर्जरोखे पळवले. कुलूप शाबूत राहिलं होतं. बोलतं केलं होतं ते माणसाला.

यावरचा उपाय तोपर्यंत बाजारात आलेला होता. वेळेवर चालणाऱ्या कुलपाची कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या जेडबर्गच्या विल्यम रदरफर्ड यांनी १८३१मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं आणि मॅसॅच्युसेट्सच्या एमोस होलब्रुक यांनी १८५०च्या दशकाच्या अखेरीस असं कुलूप बनवून विकलंही. पण बँकांनी ते फारसं उचललं नाही, कारण घड्याळ बंद पडलं तर बँकच आपल्या पैशांबाहेर अडकणार, ही भीती दरोड्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या जेम्स सार्जंट यांनी १८७३मध्ये आपला टाइम लॉक तयार केला. १८७४मध्ये तो इलिनॉयमधल्या मॉरिसन गावच्या फर्स्ट नॅशनल बँकेत बसला आणि तिथून धंदा मार्गी लागला. लवकरच कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डची येल कंपनी आणि ओहायोतल्या सिनसिनाटीची कन्सॉलिडेटेड टाइम लॉक कंपनी मैदानात उतरल्या. पेटंटवरून या धंद्यात झालेली भांडणं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. पुढे मॉसलर आणि डीबोल्ड ही नावंही आली. आज संग्रहात दिसणारे बहुतेक टाइम लॉक या मोजक्या कंपन्यांचेच असतात.

आत काय चालतं

तिजोरीच्या दारातून चौकटीत शिरणारे जाड पोलादी बोल्ट एका सामाईक सांगाड्याला जोडलेले असतात. चाक फिरवलं की सांगाडा सरकतो आणि सगळे बोल्ट एकदम आत-बाहेर होतात. कॉम्बिनेशन कुलूप या सांगाड्याला एका जागी अडवतं, टाइम लॉक दुसऱ्या जागी. दोन्ही अडथळे दूर झाले तरच चाक फिरतं. म्हणजे टाइम लॉक स्वतः दार उघडत नाही, तो फक्त अडवणं थांबवतो. वेळ संपल्यावरही आकडे लावावेच लागतात.

नेहमीच्या ७२ तासांच्या प्रकारात प्रत्येक घड्याळाच्या डायलवर ० ते ७२ आकडे असतात. या घड्याळाला तासकाटा नाही, मिनिटकाटा नाही. चावी देताना डायलच फिरते आणि स्थिर खुणेसमोर जो आकडा येतो तेवढे तास भरले जातात. मग डायल सावकाश उलट फिरत शून्याकडे येते. डायलवर एक छोटी पिन असते. शून्य जवळ आलं की ही पिन एका लिव्हरला ढकलते, लिव्हर आडव्या पट्टीला सरकवते आणि पट्टी सरकली की बोल्टसमोरचा अडसर बाजूला होतो.

तासांचा हिशेब साधा असला तरी त्यात चुका होतात. शनिवारी दुपारी २ वाजता दार लावून सोमवारी सकाळी ९ला उघडायचं असेल तर ४३ तास. शुक्रवारी संध्याकाळी ५ ते सोमवारी सकाळी ९ म्हणजे ६४ तास. सोमवारी सुट्टी असेल आणि मंगळवारी ९ला उघडायचं असेल तर ८८ तास, म्हणजे ७२ तासांचं घड्याळ अपुरं पडतं. १८७०च्या दशकातली घड्याळं तर दोन दिवसांच्या आसपासच चालायची. पुढे ९६, १२० आणि १४४ तासांची यंत्रं आली ती आठवड्याच्या सुट्ट्या वाढत गेल्यामुळे. डायलवरचा कमाल आकडा पाहून टाइम लॉकचा काळ साधारण कोणता, याचा अंदाज बांधता येतो.

येलचा सुरुवातीचा दोन डायलचा ‘पिन डायल’ प्रकार वेगळ्याच तत्त्वावर चालतो. त्यात प्रत्येक डायल २४ तासांत एक फेरा घेते आणि तिच्या कडेने दर तासाला एक अशा २४ पिना असतात. ज्या तासांत दार उघडता यावं असं वाटतं तेवढ्या पिना सरकवून ठेवायच्या. डायल फिरताना या पिनांचा सलग मार्ग लिव्हरला उचलून धरतो आणि मार्ग संपला की लिव्हर पुन्हा खाली येते. म्हणजे हा टाइम लॉक रोज आपोआप उघडतो आणि आपोआप बंद होतो. रविवारी मात्र त्याने उघडू नये म्हणून वेगळा जोड लागे. हा प्रकार संग्राहकांना फार प्रिय आहे आणि ते योग्यच आहे. यंत्ररचनेत एवढी कल्पकता आणि केसवर, म्हणजे बाहेरच्या डब्यावर, इतकं सुंदर कोरीवकाम एकत्र सहसा सापडत नाही.

एकाऐवजी तीन घड्याळं का

टाइम लॉकचा सगळा विचार या प्रश्नात आहे. तिन्ही घड्याळं एकाच पट्टीवर काम करतात आणि तिघांपैकी कोणतंही एक शून्यावर आलं की पट्टी सरकते. बाकीची दोन मध्येच बंद पडली तरी दार उघडतं. बँक बाहेर अडकायची असेल तर तिन्ही घड्याळं एकाच वेळी बंद पडायला हवीत.

समजा एक घड्याळ १०० वेळा लावल्यावर एकदा बंद पडतं. दोन घड्याळं असतील तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता १०,००० वेळांत एकदा, आणि तीन असतील तर १०,००,००० वेळांत एकदा. कागदावर हे फारच दिलासादायक आहे. पण हा हिशेब तिन्ही घड्याळं एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडतात असं धरून केलेला आहे आणि प्रत्यक्षात तसं नसतं. तिघांमध्ये एकाच दिवशी एकच तेल घातलेलं असतं, तिघं एकाच डब्यातली धूळ खातात, थंडीत तिघांचं तेल एकदम घट्ट होतं आणि दार जोरात आपटलं तर धक्का तिघांनाही बसतो. म्हणून जाणकार तंत्रज्ञ घड्याळं वेळच्या वेळी काढून तपासत आणि ताजं साफ केलेलं दुसरं यंत्र बदली बसवत. केसच्या आत जुनी सर्व्हिस चिठ्ठी किंवा यंत्राच्या प्लेटवर घड्याळजीने कोरलेली तारीख सापडली तर ती पुसू नये. त्या कुलपाच्या कामाचा तो एकमेव लेखी पुरावा असतो.

या रचनेला दुसरी बाजूही आहे. कोणतंही एक घड्याळ दार मोकळं करू शकतं, म्हणजे सर्वांत जलद धावणारं घड्याळच वेळ ठरवतं. एक घड्याळ दिवसाला २० मिनिटं पुढे जात असेल तर ६४ तासांच्या मुदतीत अडसर सुमारे ५३ मिनिटं आधीच हटेल. घड्याळं वाढवली की अडकून पडण्याचा धोका घटतो आणि लवकर उघडण्याचा वाढतो. बँकांनी हा सौदा जाणूनबुजून स्वीकारला, कारण तासभर आधी अडसर हटला तरी पुढे कॉम्बिनेशन कुलूप उभं असतं, पण तिन्ही घड्याळं थांबली तर दार ड्रिल करण्यावाचून गत्यंतर नाही.

स्वतः उघडणारे बोल्ट

कॉम्बिनेशन कुलपाची तबकडी एका दांड्यावर असते आणि तो दांडा दारातून आरपार जातो. दरोडेखोरांनी या दांड्याभोवतीच्या फटीतून नायट्रोग्लिसरीन हे द्रवरूप स्फोटक आत सोडायला सुरुवात केली तेव्हा तिजोरी बनवणाऱ्यांनी ते भोकच काढून टाकलं. अशा दारावर बाहेरून काहीच नसतं. आत टाइम लॉक आणि जोडीला ताकदवान स्प्रिंगांचं यंत्र असतं. वेळ संपली की टाइम लॉक या स्प्रिंगांचा खटका सोडतो आणि बोल्ट आपोआप मागे सरकतात. तोफगोळ्याच्या आकाराच्या मँगनीज पोलादी तिजोऱ्यांमध्ये ही जोडी दिसते. हे स्प्रिंगयंत्र विकत घेताना ते ताणलेल्या अवस्थेत आहे का, हे आधी विचारावं. ताणलेल्या यंत्राचा खटका हातात असताना सुटला तर बोटं चिरडतात.

विकत घेताना

पहिली गोष्ट पाहायची ती पट्टी, लिव्हर आणि केसच्या तळाची किंवा बाजूची जोडणी. तिजोरी भंगारात जाते तेव्हा टाइम लॉक घाईने उचकटला जातो आणि बोल्टला अडवणारा भाग दाराला चिकटून मागेच राहतो. घड्याळाचे भाग आजही मिळवता येतात, पण विशिष्ट मॉडेलची पट्टी नव्याने घडवावी लागते. विक्रेत्याकडे केसच्या मागच्या बाजूचा आणि तळाचा फोटो मागावा. समोरच्या काचेचा फोटो सगळेच देतात.

अनुक्रमांकांबाबत दोन वेगळे नियम लक्षात ठेवावेत. केसवर एक क्रमांक असतो आणि प्रत्येक घड्याळयंत्रावर स्वतंत्र क्रमांक असतो. टाइम लॉकच्या कंपन्या घड्याळयंत्रं बहुधा ई. हॉवर्ड किंवा सेथ थॉमस अशा नामांकित घड्याळ कंपन्यांकडून बनवून घेत. विसाव्या शतकातल्या तीन घड्याळांच्या टाइम लॉकमध्ये तिन्ही क्रमांक विजोड असणं नेहमीचं आहे, कारण वर सांगितल्याप्रमाणे यंत्रं अदलाबदल करूनच देखभाल व्हायची. त्यावरून वस्तू बनावट ठरवू नये. १८७०-८०च्या दशकातल्या कुलपात मात्र जुळणारे क्रमांक, मूळ सोनेरी किंवा निकेलचा मुलामा आणि हाताने कोरलेली नक्षी यांना फार मोल आहे. अशा केसला पॉलिश करून चकाकी आणली असेल तर कोरीव रेषांच्या कडा बोथट दिसतात. नखाने हलकेच चाचपलं तरी ते जाणवतं.

चाव्या दोन: एक घड्याळांना द्यायची आणि दुसरी केसच्या काचेच्या झाकणाची. दोन्ही बहुधा हरवलेल्या असतात. घड्याळाची चावी नवीन घेताना माप दशांश मिलिमीटरपर्यंत घ्यावं. सैल चावीने चौकोनी टोकाचे कोपरे झिजतात आणि झिजलेलं टोक पुन्हा घडवणं हे मोठं काम आहे.

डायलवर तडे आहेत का, बॅलन्स व्हील (घड्याळाची लय ठरवणारं, मागेपुढे डोलणारं चाक) डबा हलकेच हलवल्यावर मोकळं डोलतं का आणि त्याच्यावरच्या अगदी बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेत का, हे काच न उघडताही दिसतं. बॅलन्स एका बाजूला कललेलं दिसलं तर त्याचा पिव्हट, म्हणजे आसाचं बारीक टोक, मोडला आहे असं समजावं. दार आपटल्याने होणारी ही सर्वांत नेहमीची मोडतोड आहे.

खरे नमुने जवळून पाहायचे असतील तर न्यूयॉर्कमधल्या जनरल सोसायटी ऑफ मेकॅनिक्स अँड ट्रेड्समेन या संस्थेत जॉन मॉसमन यांचा कुलूपसंग्रह आहे. त्यातल्या ३७०हून जास्त कुलपांत सुरुवातीच्या काळातले टाइम लॉकही आहेत.

साफसफाई आणि दुरुस्ती

आलेला टाइम लॉक लगेच चावी देऊन चालवून बघण्याचा मोह टाळावा. वाळलेल्या तेलावर चाललेलं घड्याळ आपलेच पिव्हट कुरतडतं, कारण घट्ट तेलात अडकलेली धूळ पॉलिशपेपरसारखं काम करते.

घड्याळ केसमधून काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्यावेत आणि कोणतं यंत्र डावीकडचं, मधलं, उजवीकडचं याची नोंद ठेवावी. लिव्हरला लागणाऱ्या पिनेची जागा यंत्रागणिक थोडी वेगळी असू शकते.

यानंतरची पायरी सर्वांत धोक्याची. डायल शून्यावर आली म्हणजे मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) सैल झाली असं नाही. शून्यावरही तिच्यात मुद्दाम ताण ठेवलेला असतो, कारण नेमक्या शेवटच्या क्षणी पिनेला लिव्हर ढकलायची ताकद हवी. हा ताण उतरवल्याशिवाय बॅलन्स किंवा पॅलेट (चाकांना एकेक दात अडवून सोडणारा भाग) काढलं तर सगळी चाकं भरधाव सुटतात आणि दात तुटतात. चावी घट्ट धरावी, अडकवणारा खटका बाजूला करावा आणि अर्धा-अर्धा फेरा करत ताण सावकाश सोडावा. किती फेरे सुटले ते लिहून ठेवावं. जोडणी करताना तेवढेच फेरे परत भरायचे असतात. इथे एक-दोन फेरे कमी पडले तर घड्याळ छान चालतं, पण शून्यावर येऊन लिव्हरला टेकतं आणि तिथेच थांबतं. टेबलावर एकटं चालवून पाहिलं तर हा दोष दिसत नाही, केसमध्ये बसवल्यावरच उघड होतो.

सुटे भाग घड्याळासाठीच्या द्रावणात धुवावेत. मुलामा असलेल्या केसला आणि प्लेटना बाजारातलं पितळ चमकवायचं पॉलिश मुळीच लावू नये. मऊ ब्रश आणि किंचित साबणाचं पाणी, लगेच पूर्ण सुकवणं, एवढं पुरतं. तेलाच्या बाबतीत सावकाश फिरणाऱ्या मोठ्या चाकांच्या पिव्हटना थोडं जाड आणि बॅलन्सच्या पिव्हटना पातळ घड्याळी तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच. पॅलेटच्या पिव्हटना तेल लावत नाहीत. लिव्हर आणि पट्ट्या कोरड्याच ठेवाव्यात. तिथलं तेल धूळ धरतं आणि काही वर्षांनी पट्टी चिकटते.

चाचणी

तीन घड्याळांचा टाइम लॉक असेल तर तीन वेगवेगळ्या चाचण्या लागतात. पहिल्या घड्याळाला २ तासांची आणि बाकी दोघांना २०-२० तासांची चावी द्यावी. २ तासांनी पट्टी पूर्ण सरकली पाहिजे, अर्धवट नव्हे. मग हेच दुसऱ्या आणि तिसऱ्या घड्याळाबाबत करावं. तिघांना एकत्र ७२ तास लावून दार मोकळं झालं, याने फक्त तिघांपैकी एक चालतं एवढंच सिद्ध होतं. शेवटी पूर्ण मुदतीची चाचणी घ्यावी आणि तिघांमधला फरक मोजावा. दिवसाला ५ मिनिटांचा फरक ७२ तासांत १५ मिनिटं होतो. या यंत्रांसाठी तेवढा चालण्यासारखा आहे आणि तो शून्य करण्याच्या नादात हेअरस्प्रिंग छेडू नये.

चाचणी नेहमी स्टँडवर किंवा उघड्या दारावर करावी. चावी दिलेली असतानाही बोल्ट बाहेर काढता येतात, फक्त मागे घेता येत नाहीत. वापरातल्या तिजोरीवर शंभर वर्षं जुना टाइम लॉक कधीही लावू नये.

आपल्याकडे संग्रह करताना

भारतातल्या बँकांनी प्रामुख्याने दोन माणसांच्या ताब्यातल्या दोन किल्ल्यांवर भर दिला. एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी कॅशियरकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. त्यामुळे जुन्या बाजारात चब, मिल्नर किंवा गोदरेजच्या तिजोऱ्या दिसतात, पण अमेरिकन टाइम लॉक क्वचितच. बहुतेक संग्राहकांना ते बाहेरूनच मागवावे लागतात. मागवताना घड्याळयंत्रं केसमधून काढून वेगळी बांधायला सांगावं. केसमध्येच ठेवून पाठवलेल्या यंत्रांचे बॅलन्स पिव्हट प्रवासात मोडतात. इथल्या एखाद्या जुन्या दारातून शंभर वर्षांहून जुना टाइम लॉक मिळालाच तर १९७२चा पुरावस्तू कायदा ध्यानात ठेवावा. त्या कायद्याखाली पुरावस्तू ठरणारी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

मुंबई आणि कोकणातल्या पावसाळी हवेत पितळ टिकतं, पण मेनस्प्रिंग आणि पोलादी पट्ट्यांना गंज चढतो. मेनस्प्रिंगवर गंजाचा एक ठिपका पडला तरी ती पुढे तिथेच तुटते आणि तुटताना चाकाचे दातही घेऊन जाते. जून ते सप्टेंबर टाइम लॉक बंद काचेच्या पेटीत सिलिका जेलसोबत ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुकवून परत वापरावं. पूर्ण चावी भरून ठेवून देऊ नये. महिन्यातून एकदा १०-१२ तास चालवून शून्यावर येऊ द्यावं म्हणजे तेल एका जागी थिजत नाही. आणि दर ४-५ वर्षांनी, व्यवस्थित चालत असला तरी, घड्याळं उघडून साफ करावीत, पण तिन्ही एकाच दिवशी नाही.